मुलीला आणायला गेलो होतो

हे लिहायला मुलीने परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. ती शिकते त्या गावाचं नाव यायचं नाही, आणि माणसांपैकी कुणाचंच नाव यायचं नाही. दोन्ही पाळतो आहे. गाव उत्तरेला सत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, समुद्रकाठी, एवढंच सांगतो. आम्ही कुवेतमध्ये अबू हलीफाला राहतो, म्हणजे साडेएकोणतीस अंशांच्याही खाली. मधे चाळीस अंश. एक अंश साधारण एकशे अकरा किलोमीटरचा धरला तर नुसतं उत्तरेकडचं अंतरच साडेचार हजार किलोमीटरला थोडं कमी. हा हिशोब मी ती गेली त्या संध्याकाळी केला होता. त्याचा उपयोग काही नव्हता.

मी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत एका कंत्राटदार कंपनीकडून इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. तापमान, दाब, प्रवाह मोजणारी उपकरणं खरं सांगताहेत की नाही, हे तपासणं माझं काम. बायको सरकारी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. मुलगी त्याच हॉस्पिटलात जन्मली, अबू हलीफाच्या या एकाच फ्लॅटमध्ये वाढली. चिपळूणला ती उन्हाळी सुट्टीत जायची आणि परत येताना विमानात विचारायची, घरी पोचायला किती वेळ आहे. घर म्हणजे कुवेत.

पण इथे जन्मलं म्हणून कुणी इथलं होत नाही. माझ्या नोकरीवर माझा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, आणि माझ्या इकाम्यावर तिचा. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलं की तो आपोआप जातो. शिकणाऱ्या मुलांना सवलत मिळते असं दोघा-तिघांनी सांगितलं होतं. मी कंपनीच्या मंदूबला, म्हणजे सरकारी कामं करून आणणाऱ्या माणसाला, विचारलं. त्याने चहा पिता पिताच मान हलवली. आता नाही मिळत, म्हणाला, मुलीला सहा महिन्यांच्या आत एकदा आणून परत पाठवा, सोपं आहे.

आम्हालाही ते सोपं वाटलं. ऑगस्टमध्ये जायचं, डिसेंबरच्या सुट्टीत यायचं, जूनमध्ये पुन्हा यायचं.

इथल्या आपल्या लोकांत बारावी झाली की मुलं जातात, हे ठरलेलंच असतं. कुणी पुण्याला, कुणी मणिपालला, कुणी कॅनडाला. आमच्या इमारतीत दर ऑगस्टमध्ये एकदोन घरांसमोर मोठ्या बॅगा दिसतात आणि त्या घरातली आई पुढचे महिनाभर लिफ्टमध्ये कमी बोलते. आमच्या मुलीने मात्र नकाशाचं टोक गाठलं. तिला समुद्रावरच्या बर्फाचा अभ्यास करायचा होता. एवढ्या लांब कशाला, असं आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई, अठरा वर्षं मी एसीची थंडी खाल्ली. मला खरी थंडी पाहू दे."

सुरुवातीचे दोन-अडीच महिने ती फोनवर नुसती बोलत सुटायची, निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत. आठ खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर आहे आणि फ्रीजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा. डिपार्टमेंटच्या दारात बूट काढतात आणि सगळे, प्रोफेसरसुद्धा, लोकरीच्या मोज्यांवर फिरतात. वर्गात मुलं-मुली लेक्चर ऐकता ऐकता विणकाम करतात आणि कुणी काही म्हणत नाही. हे ऐकून बायको फारच खूश झाली. वॉर्डातल्या मैत्रिणींना तिने दोनदा सांगितलं. कॅम्पसमागून जंगलात एक वाट जाते, तिच्यावर दिवे लावलेले आहेत, आणि मुलं त्या वाटेने स्कीवर घसरत कॉलेजला येतात, हेही सांगितलं. मी विचारलं, तू शिकलीस का? म्हणाली, पडायला शिकले.

नोव्हेंबरच्या शेवटी तिकडे सूर्य उगवायचा बंद झाला. तो जानेवारीच्या उत्तरार्धातच पुन्हा दिसतो. हे आम्हाला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि आम्ही त्याची थट्टाही केली होती. दुपारी दोनतीन तास निळसर उजेड पडतो, बाकी अंधार. फोन आखूड होत गेले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने सांगितलं की परीक्षेचं काही राहिलंय, सुट्टीत येता येणार नाही. आम्ही तिकीट रद्द केलं. जानेवारीत ती बोलायची ती अंथरुणातून. स्क्रीनवर कपाळ आणि उशी एवढंच दिसायचं. जेवलीस का विचारलं की हो म्हणायची.

बायकोने बावीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. एकदा फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तिला झोप लागत नाहीये असं तुम्ही समजताय. तसं नाहीये. तिला उठता येत नाहीये."

मग इकाम्याचा विचार आला. फेब्रुवारीच्या अखेरीस सहा महिने पुरे होत होते. बायकोला रजा मिळेना. वॉर्डात माणसं कमी. तेव्हा मी जायचं ठरलं. व्हिसा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हातात आला. जाताना माझं एकट्याचं तिकीट, आठवड्याने येताना शनिवारची दोघांची. विमानतळावर सोडायला आली तेव्हा बायकोने काही सूचना दिल्या नाहीत. एरवी ती पाण्याच्या बाटलीपर्यंत सांगते. "घेऊन या," एवढंच म्हणाली.

मी उणे तीसच्या तयारीने गेलो होतो. तिथे उतरलो तेव्हा उणे सहा होतं. समुद्रामुळे तिकडे फार उतरत नाही, हे मला नंतर कळलं. दोन थर्मल, तीन स्वेटर आणि कुवेतमधल्याच, रुमैथिया भागातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेला जाडजूड कोट अशा वेषात मी बसमध्ये घामाघूम झालो. समोर एक कॉलेजचा मुलगा साध्या जाकिटात, डोक्यावर काही नसताना आइसक्रीम खात होता. मुलगी स्टॉपवर आली होती. मला पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही कपाट घालून आलात." ती हसली तेव्हा मला बरं वाटलं, पण चेहरा सुकलेला होता आणि केसांना बरेच दिवस पाणी लागलेलं नव्हतं.

पाहुण्या पालकांसाठी त्याच आवारात एक खोली भाड्याने मिळते, ती मी घेतली होती. दिवसभर मात्र मी तिच्याच खोलीत. खोली बारा फूट बाय नऊ. पलंग, टेबल, खुर्ची, कपाट, आणि एका भिंतीला जवळजवळ सगळी भिंत व्यापणारी खिडकी. खिडकीवर आतून स्वयंपाकाची फॉइल चिकटवलेली होती, वरपासून खालपर्यंत.

आखातात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे सांगायला नको. कुवेतमध्ये पश्चिमेच्या खिडकीला फॉइल लावतात. जूनमध्ये बाहेर पन्नास अंश असतं, काचेला हात लावता येत नाही. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, रोल आणायचा, चकचकीत बाजू बाहेर करायची, कडेने रुंद टेप मारायची, की खोली चारपाच अंशांनी तरी उतरते. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला सहाव्या मजल्यापर्यंत सगळ्या खिडक्या चंदेरी आहेत. मुलीच्या खोलीलाही होती. फॉइल लावलेल्या खिडकीमागेच ती वाढली.

तिकडे ती ऑगस्टमध्ये पोचली तेव्हा रात्री पुरता अंधारच पडत नव्हता. झोप येईना, म्हणून तिने तिसऱ्या दिवशी फॉइल आणून लावली. आम्हाला फोनवर दाखवलीही होती. टेप आईसारखी सरळ मारली आहे म्हणून आम्ही कौतुक केलं होतं. मग सप्टेंबर आला, ऑक्टोबर आला, अंधार आला, सूर्य गेला आणि जानेवारीत परतही आला. फॉइल तिथेच होती. ती काढायची असते हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याही नाही.

मी तिच्या खोलीत दोन दिवस बसलो. तिला मेतकूट-भात करून घातला, कोकमाचं सार केलं, कपडे धुतले, औषधं पाहिली. विद्यापीठाच्या डॉक्टरने तिला माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि लायब्ररीत प्रकाशाची एक खोली आहे तिथे रोज बसायला सांगितलं होतं. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या खुर्च्या आणि डोळे दिपवणारे दिवे. मुलं तिथे पुस्तक घेऊन अर्धा तास बसतात. ती एकदाच गेली होती. तिथे बसल्यावर आपण आजारी आहोत असं वाटतं, म्हणाली. मी तिला पुन्हा घेऊन गेलो. दिव्याच्या पेटीवर उजेडाचं माप लिहिलेलं होतं, दहा हजार लक्स. कुवेतला मेच्या दुपारी उघड्यावर लाखाच्या आसपास भरतं. तिला तेवढं सांगितलं. "मग तिकडचं थोडं इकडे पाठवा," म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातली टेप सुटलेली दिसली. मी टेबलाच्या खणातून टेप काढली आणि कोपरा नीट दाबून बसवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या खोलीतली मुलगी आली. ती तिथलीच, उंच, मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी. मोज्यांवरच आली, हातात केकचे दोन तुकडे. तुझे वडील आलेत असं कळलं, म्हणाली. मी खुर्ची दिली, ती खाली जमिनीवर बसली. दोघी थोडा वेळ आपसात बोलल्या. मग ती खिडकीकडे पाहत, आपलं काही चुकत तर नाही ना अशा आवाजात मला इंग्रजीत म्हणाली, की एक विचारायचं होतं, राग नका मानू, तुमच्या लोकांमध्ये खिडकी झाकायची काही पद्धत आहे का?

मी म्हटलं, कसली पद्धत?

ती म्हणाली, सप्टेंबरपासून मला वाटतंय विचारावं. कदाचित धर्माचं काही असेल म्हणून नाही विचारलं. आमच्याकडे या दिवसांत जेवढा उजेड येईल तेवढा आत घेतात.

मी खिडकीकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी मी दाबून बसवलेला कोपरा अगदी सपाट दिसत होता. मी मुलीकडे पाहिलं. तीही खिडकीकडेच पाहत होती, जणू तिथे काही लावलेलं आहे हे तिला आत्ता कळत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आपल्याकडे असतेच ना हो."

आम्ही तिघांनी मिळून फॉइल काढली. टेप काचेला घट्ट बसली होती, नखांनी ओरबाडावी लागली. अर्धी निघाली तशी बाहेरची खाडी दिसली, खाडीपलीकडचा पांढरा डोंगर दिसला, आणि त्या डोंगराच्या खांद्याला लागून सूर्य. दुपारचे बारा वाजत आले होते आणि तो क्षितिजापासून नऊ-दहा अंशांच्या वर नसेल. कुवेतला त्याच दिवशी, त्याच वेळेला पन्नास अंशांवर असतो. पण ऊन आडवं येत होतं, त्यामुळे ते थेट भिंतीपर्यंत पोचलं. टेबलावरची धूळ दिसली. उशीचा अभ्रा किती कळकट झाला आहे ते दिसलं. समोरची मुलगी फॉइलचा बोळा घेऊन निघून गेली. आमची मुलगी पलंगावर बसून राहिली, हात उन्हात धरून. मग उठली आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेली.

मी हे चमत्कार म्हणून सांगत नाही. त्याच रात्री ती पुन्हा जेवली नाही. अंधारात गेलेले तीन महिने एका सकाळी भरून निघत नाहीत, आणि फॉइल नसती तरी त्या दिवसांत तिथे सूर्य नव्हताच. किती दोष फॉइलचा आणि किती बाकीच्याचा, हे मला मोजता आलेलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी ती सकाळी माझ्या दारात उभी होती. म्हणाली, शनिवारी जायचंच आहे तर तुम्हाला गाव तरी दाखवते. मीही अजून पाहिलेलं नाही.

ते खरं होतं. सहा महिन्यांत तिने कॅम्पस, बाजार आणि खोली सोडून फारसं काही पाहिलं नव्हतं. बुटांना खिळ्यांचे रबरी पट्टे लावून आम्ही निघालो. तिथे फुटपाथवर बर्फाचा काचेसारखा थर असतो. मी दोनदा पडलो, ती एकदा. कॅम्पसच्या खालच्या अंगाला बोटॅनिकल गार्डन आहे. इतक्या उत्तरेला दुसरं नाही असं ते अभिमानाने सांगतात. आम्ही गेलो तेव्हा तिथे चार फूट बर्फ होतं आणि बाग म्हणून काही दिसत नव्हतं. फाटक उघडं होतं, तिकीट नव्हतं. आम्ही पंधराएक मिनिटं पांढऱ्या मैदानात फिरलो आणि मुलगी गाइडसारखी दोन्हीकडे हात करून सांगत होती, इकडे हिमालयातली झाडं, तिकडे आल्प्समधली. "दिसतायत ना?" मी म्हटलं, स्पष्ट.

मत्स्यालयात सील पाहिले. साडेबाराला त्यांना मासे घालतात. ते पाहायला शाळेची मुलं आली होती, एवढाल्या लोकरी टोप्या घातलेली. दाढीवाला एक म्हातारा सील मासा मिळाल्यावरही काठावर थांबून लोकांकडे पाहत राहिला. मुलगी म्हणाली, हा आमच्या प्रोफेसरसारखा आहे, लेक्चर संपलं तरी जात नाही. एकदा केबल कारने डोंगरावर गेलो. वर वारा असा, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खाली बेटावरचं सगळं गाव दिसत होतं, पूल, धक्का, जुनं लाकडी चर्च, आणि उत्तरेच्या टोकाला तिचं विद्यापीठ. ती मला बोटाने तिची खिडकी दाखवायचा प्रयत्न करत होती. इतक्या लांबून ती दिसणं शक्य नव्हतं, पण मी मान हलवली.

संध्याकाळी सातच्या सुमाराला दिव्यांच्या वाटेवर नॉर्दर्न लाइट्सही पाहिले. मला ते फिकट राखाडी वाटले, फोनच्या कॅमेऱ्यात मात्र हिरवेगार येत होते. बायकोला फोटो पाठवला. मुलीने विचारलं, कसे वाटले? मी म्हटलं, आमच्या रिफायनरीची ज्योत जास्त ठळक दिसते. ती रस्त्यातच बसून हसली. तिचं हे हसणं मी ऑगस्टनंतर ऐकलं नव्हतं. शेजारून स्कीवर जाणाऱ्या दोन मुली थांबल्या आणि काही झालं का म्हणून विचारायला लागल्या.

शुक्रवारी मी स्वयंपाकघरात पोहे करत होतो. तिच्या मजल्यावरच्या मुलांसाठीही करायचे ठरले होते, म्हणून मोठी कढई. बॅग तिने अजून भरली नव्हती. मी दोनदा आठवण केली होती. ती कांदा चिरत होती, चिरायची थांबली.

"बाबा, मी नाही येत उद्या."

मी गॅस बारीक केला. मला वाटलं तिला बरं नाहीये, दोन दिवसांनी येऊ म्हणतेय. मी म्हटलं, तिकीट बदलून घेऊ.

"तसं नाही. आत्ता आले तर टर्म जाईल. मार्चमध्ये बर्फावर जायचंय, बोटीने, आमचा सगळा वर्ग. ते चुकलं तर हे वर्ष गेलं." मग हळू आवाजात म्हणाली, "आणि दुसरं म्हणजे, आता घरी आले तर मी परत येणार नाही. मला माहीत आहे. मी तिथे पलंगावर पडेन, आई चहा आणून देईल, आणि मी उठणार नाही."

मी तिला इकाम्याचं सांगितलं. महिन्याच्या अखेरीस तो जाईल, मग ती कुवेतची राहणार नाही, व्हिसा काढून यावं लागेल, तोही मिळेल तेव्हा, ठरावीक दिवसांपुरता. तिला हे सगळं माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त नीट माहीत होतं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "माझ्या वर्गात कुणाला हा प्रश्नच नाहीये, बाबा. सुट्टी लागली की जातात घरी. मला घरी जायचं तर आधी तारीख बघावी लागते."

मी तिथून तिला जबरदस्तीने घेऊन येऊ शकलो असतो का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ती एकोणीस वर्षांची होती. मी म्हटलं असतं तर कदाचित आली असती. पण आठवडाभर मी जिला फिरताना पाहत होतो ती, आणि जानेवारीत फोनवर दिसायची ती, यांतली कोण घरी येईल हे मला दिसत होतं. मी पोह्यांवर कोथिंबीर घातली. समोरची उंच मुलगी आली, दोन मुलगे आले, सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्लं, आणि एकाने विचारलं की हे सपाट तांदूळ कारखान्यात करतात की घरी.

बायकोला मी फोन केला. सगळं सांगितलं. मागे वॉर्डातली बेल वाजत होती. मग ती म्हणाली, "तुम्हाला आणायला पाठवलं होतं."

मी म्हटलं, हो.

"तिच्याकडे द्या."

मी फोन मुलीकडे दिला. मी बाहेर जाणार होतो, पण मुलीने हाताने थांबवलं. बायको तिच्यावर रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं. ती तिला एवढंच विचारत होती की गोळ्या जेवणाआधी घेतेस की नंतर. नंतर घ्यायच्या, तेलाच्या आहेत, म्हणून नंतर घ्यायच्या. मुलगी "हो आई, हो आई" म्हणत होती. शेवटी बायको म्हणाली, "बोटीवर जाशील तेव्हा कानाला गुंडाळून जा." फोन ठेवला तेव्हा मुलगी रडली. मी तिच्या शेजारी बसून राहिलो.

शनिवारी मी एकटा परत आलो. विमानात शेजारची जागा रिकामी होती, तिची. मी तिथे कोट ठेवला.

फेब्रुवारी संपला. इकामा गेला तो काही आवाज करून गेला नाही. एका सकाळी फोनमधल्या सरकारी ॲपमध्ये माझ्या नावाखाली मुलीचं नाव असतं, ते नव्हतं. बायको ड्यूटीवरून आली तेव्हा मी तिला ते दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं, फोन परत दिला, आणि मुलीच्या खोलीत जाऊन पंखा पुसायला लागली. रमजानचे दिवस होते, खाली मशिदीत नमाज चालू होती. तिने तिन्ही पाती पुसली आणि स्टुलावरून उतरली नाही. मी जाऊन हात दिला तेव्हा उतरली.

मुलगी मार्चमध्ये बर्फावर जाऊन आली. फोटो पाठवले, त्यात ती नारिंगी सूट घालून होती आणि कानाला गुंडाळलेलं होतं. वर्ष पास झाली, पण त्या जूनमध्ये व्हिसा मिळाला नाही म्हणून तिकडेच राहिली. नंतरच्या नोव्हेंबरात पुन्हा अंधार आला. त्या वेळीही तिला त्रास झाला, थोडा कमी. आता ती लायब्ररीतल्या त्या दिव्यांच्या खोलीत रोज जाते. तिथे बसून विणते, आणि विणलेलं तिच्या आईला पाठवते. कुवेतमध्ये लोकरीचा मफलर वर्षातून पंधरा दिवस वापरता येतो. बायको त्यापेक्षा जास्त वापरते.

त्यापुढच्या जुलैत बायकोच्या भाच्याचं चिपळूणला लग्न होतं. मुलगी थेट तिकडे आली. लग्नानंतर तिघं मिळून मुंबईहून कुवेतला निघालो. तिचा व्हिजिट व्हिसा मी काढला होता, एक महिन्याचा. विमानात ती मधल्या सीटवर झोपली, लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून.

कुवेतला उतरल्यावर इकामावाल्यांची रांग एकीकडे आणि व्हिसावाल्यांची दुसरीकडे. हे आम्हाला माहीत होतं, तरी तिथे पोचल्यावर आम्ही तिघंही थांबलो. मागून लोक येत होते. मुलगी म्हणाली, "जा तुम्ही, मी येते," आणि बॅग घेऊन तिकडच्या रांगेत गेली. आमची रांग पाच मिनिटांत संपली. तिची वळणं घेत गेलेली होती. पलीकडे गेल्यावर बायको पुढे हलेना. सुरक्षेच्या माणसाने दोनदा हात केला. तिसऱ्यांदा तो जवळ आला तेव्हा बायकोने तिकडे बोट दाखवून अरबीत सांगितलं, माझी मुलगी. त्याने पाहिलं आणि तो बाजूला झाला.

काउंटरवर एक तरुण अधिकारी होता. काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, नंतर मुलीने सांगितलं. पहिल्यांदा येतेस का, असं त्याने इंग्रजीत विचारलं होतं. तिने शाळेत शिकलेल्या अरबीत उत्तर दिलं की मी इथेच जन्मले. तो हसला, चांगलं बोलतेस म्हणाला. मग विचारलं, उतरणार कुठे? तिने आमचा पत्ता सांगितला, ब्लॉक, गल्ली, इमारत, मजला. तिथे कोण असतं? आई-वडील. त्याने शिक्का मारला.

टॅक्सी केली. बाहेर सत्तेचाळीस होतं. फहाहीलच्या हायवेवर रस्त्याचं काम चाललेलं, त्यामुळे अबू हलीफाला पोचायला तासभर लागला. घरात शिरल्यावर मी एसी लावले. मुलगी बॅग दाराशी ठेवून सोफ्याच्या कडेला बसली, पाठ न टेकता. बायको हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, मग थांबला. ती दारात आली.

आमच्या घरात मुलीला चहा कधी कुणी विचारला नाही. तिघांचा चहा एकत्र होतो आणि तिचा कप तिच्यासमोर येतो, तिला हवा असो नसो.

बायको पदराला हात पुसत म्हणाली, "चहा घेशील का गं?"

मुलीने वर पाहिलं. बायकोच्याही लक्षात आलं असावं, कारण ती तिथेच उभी राहिली.

"घेईन," मुलगी म्हणाली. "थोडाच."